हाशील हवे, जामिनकी नको

मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे उदमी लोकांना सरकारातून कौल दिला जाई. जकातीत काही वर्षे सूट, दुकानाला जागा, जीवितवित्ताला अभय, अशी त्याची कलमे असत, आणि पेठ एकदा नांदती झाली की शेटे व महाजन हे वतनदार तिच्या कारभारावर देखरेख करीत. पेठेत उतरणाऱ्या मालावर या वतनदारांचे हक्क बांधून दिलेले असत, आणि ते वसूल करण्यात त्यांनी कधी कसूर केली असेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु पेठेचा बंदोबस्त राखणे, वजनमापांवर नजर ठेवणे, गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात कज्जा उद्भवला तर त्यात पडणे, हेही त्याच वतनाचे अंग होते, आणि पुण्यासारख्या शहरात तर त्यांच्याही वर कोतवालाची चावडी बसलेली होती. त्या काळी लबाडी नव्हती असा याचा अर्थ नव्हे. लबाडी होती म्हणूनच देखरेख होती. सांगावयाचे ते एवढेच की पेठेचे उत्पन्न जो खात असे, त्याला पेठेबद्दल जाब विचारता येत असे.

आज घराघरांतून मोबाइलच्या पडद्यावर ज्या पेठा भरलेल्या आहेत, त्यांनी या व्यवस्थेचा पूर्वार्ध तेवढा उचलला आहे. दर विक्रीमागे कमिशन, माल वखारीत ठेवण्याचे भाडे, तो पोचवण्याचा आकार आणि शोधणाऱ्याच्या नजरेस तो आधी पडावा म्हणून जाहिरातीचे पैसे, असे नाना परींचे हाशील त्या विक्रेत्याकडून घेतात. कोणाचा माल पहिल्या पानावर झळकावा आणि कोणाचा विसाव्या पानावर धूळ खात पडावा याचा निवाडाही त्यांच्याच हाती असतो. परंतु माल खोटा निघाला, विक्रेता परागंदा झाला, किंवा ज्या अभिप्रायांवर भरवसा ठेवून गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते अभिप्रायच विकतचे निघाले, म्हणजे त्यांचे उत्तर ठरलेले असते, की आम्ही केवळ मध्यस्थ आहो. या उत्तराला कायद्याचे पाठबळ आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 79 ने मध्यस्थाला, त्याने योग्य ती दक्षता घेतली असेल तर, त्रयस्थाच्या मजकुराच्या दायित्वातून मुक्त केले आहे. शिवाय परदेशी भांडवलाच्या कंपनीने स्वतःचा माल न विकता केवळ पेठ चालवावी असे सरकारचेच धोरण असल्यामुळे, आपल्या मध्यस्थपणाचा दाखला या कंपन्यांना वेगळा मागावा लागत नाही.

मग गिऱ्हाइकाने विश्वास ठेवावा तो कशावर? तुळशीबागेतल्या किंवा एखाद्या तालुक्याच्या बाजारातल्या दुकानदाराची पत त्याच्या गादीवर, त्याच्या शेजाऱ्यांत आणि त्याच्या वडिलांच्या नावात असते. आणि फसलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यासमोर उभे राहून चार लोकांदेखत ओरडू शकते, हे त्याच्या सचोटीचे मोठेच कारण असते. मोबाइलवरच्या विक्रेत्याचे नाव पाहावे तर बहुधा जुळवलेल्या इंग्रजी अक्षरांची एक निरर्थक ओळ, आणि पत्ता पाहावा तर कुठल्याशा औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्याचा. अशा अनोळखी माणसांत व्यवहार व्हावा म्हणून ईबेचे संस्थापक पिएर ओमिद्यार यांनी 1996 साली, म्हणजे ती पेठ उघडल्यानंतर अवघ्या वर्षभरात, घेणाऱ्याने देणाऱ्याविषयी व देणाऱ्याने घेणाऱ्याविषयी चार शब्द जाहीरपणे लिहावेत अशी सोय केली. कल्पना मोठी सुबक होती. पण सूड म्हणून आपल्यालाही वाईट शेरा मिळेल या धास्तीने गिऱ्हाईक खरे बोलेनासे झाले, आणि अखेर 2008 मध्ये विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकार ईबेला काढून घ्यावा लागला. पत जेव्हा आकड्यात मोजली जाते तेव्हा तो आकडा चलनासारखा चालू लागतो, आणि चलन म्हटले की खोटी नाणी पाडणारे आलेच.

ही नाणी पाडण्याची एक साधी रीत पुष्कळ वाचकांच्या घरी येऊन गेली असेल. खोके उघडले की वस्तूबरोबर एक चकचकीत कार्ड निघते. त्यावर आभाराचे दोन शब्द असतात, पाच सोनेरी तारे छापलेले असतात, आणि खाली मजकूर असतो की आम्हांला पाच तारे द्या, त्याचा स्क्रीनशॉट अमुक व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवा आणि शंभर रुपये आपल्या खात्यात जमा करून घ्या. काही सावध विक्रेते त्याच कार्डावर अशीही सूचना छापतात की या कार्डाचे छायाचित्र अभिप्रायासोबत कृपया टाकू नये. या शेवटच्या सूचनेइतका स्पष्ट कबुलीजबाब कोणत्या आरोपीने कधी दिला असेल? पण शंभर रुपये घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काही अनुचित केले असे वाटत नाही, कारण वस्तू बरी चाललेली असते आणि तारे कोणाच्या खिशातून जात नसतात. असा अभिप्राय सर्वस्वी खोटाही नसतो, आणि म्हणूनच तो पकडणे कठीण. ज्याची वस्तू आठवड्याने बंद पडली त्याच्या तक्रारीच्या उरावर तेवढ्यात असे अनेक संतुष्ट अभिप्राय येऊन बसलेले असतात.

दुसरी रीत अधिक धूर्तपणाची आहे. एखाद्या मिक्सरच्या पानावर चार हजार अभिप्राय आणि साडेचार तारे पाहून आपण हरखून जावे, आणि जरा खाली उतरून वाचू लागावे तो कोणी म्हणतो कव्हर फोनला घट्ट बसते, कोणी म्हणतो रंग चित्रातल्यासारखाच आहे. कधी काळी त्या पानावर मोबाइलचे कव्हर विकले जात होते; पान तेच ठेवून वस्तू तेवढी बदलली, आणि मेलेल्या मालाची पुण्याई नव्या मालाच्या खाती चढवली. निरनिराळी उत्पादने एकाच मालाची रूपे आहेत असे भासवून अभिप्रायांची अशी पळवापळवी केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 च्या फेब्रुवारीत जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीकडून 6 लाख डॉलर वसूल केले. 2020 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील हजारो घरांत चीनहून न मागवलेल्या बियाण्यांच्या पुड्या टपालाने येऊ लागल्या आणि शेतीखात्याची तारांबळ उडाली. त्यामागेही, खोटी विक्री नोंदवून खोटा अभिप्राय लिहिण्याचा हाच उद्योग असावा, असा त्या खात्याचा कयास होता.

त्याच कमिशनने पैसे देऊन लिहवून घेतलेल्या अभिप्रायांवर पहिली फिर्याद केली ती 2019 मध्ये, आणि तिच्यातील वस्तू आपल्याकडच्या वाचकाला मौजेची वाटेल. गार्सिनिया कंबोजिया या फळाच्या अर्काने वजन उतरते असा दावा करणाऱ्या त्या गोळ्या होत्या. हे फळ म्हणजे आपल्या कोकमाचे सख्खे भावंड, केरळात माशाच्या कालवणाला आंबटपणा आणणारे. अभिप्राय पुरवण्याचाच धंदा करणाऱ्या एका संकेतस्थळाला विक्रेत्याने पैसे दिले, आणि विक्री टिकावयाची तर सरासरी 4.3 ताऱ्यांच्या खाली जाता कामा नये असे त्याला कळवले, हे त्या प्रकरणात उघड झाले. 4.3 हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पूर्ण पाच तारे पाहून माणूस बिचकतो हे खोटेपणाच्या व्यापाऱ्याने ओळखले होते. निकाल 1 कोटी 28 लाख डॉलरचा झाला. प्रत्यक्षात 50 हजार डॉलर भरले की बाकीची वसुली तहकूब, अशी त्यात तडजोड होती.

परदेशच्या या कथा ऐकून आपण हसतो; पण आपल्याकडे या खोट्या नाण्याने जे दुसरे पीक काढले आहे ते हसण्यासारखे नाही. कोणाच्या तरी मोबाइलवर संदेश येतो की घरबसल्या काम आहे. गूगल मॅप्सवर अमुक हॉटेलला पाच तारे द्यावयाचे, स्क्रीनशॉट पाठवावयाचा आणि दर ताऱ्यापाठीमागे रोजी घ्यावयाची. पहिल्या दिवशी शेदोनशे रुपये खरोखरच खात्यात पडतात. मग त्या माणसाला टेलिग्रामवरच्या एका गटात घेतात, ‘प्रीपेड टास्क’ नावाची नवी कामे देतात, म्हणजे आधी पैसे भरावयाचे आणि मग ते वाढून परत मिळावयाचे. पडद्यावर शिल्लक फुगत जाते, आणि ती काढून घेऊ म्हटले की कर भरा, दंड भरा, अमुक पातळी गाठा, अशी मागणी सुरू होते. महाराष्ट्रातल्या सायबर पोलिसांकडे या प्रकारच्या फिर्यादी येतात, आणि फिर्यादींत बेकार तरुण, गृहिणी आहेत तसेच चांगल्या पगाराचे अभियंतेही आहेत. या साऱ्यात विलक्षण गोष्ट अशी की गटातील बाकीचे सभासद रोज ‘पैसे मिळाले’ म्हणून बँकेच्या संदेशांची चित्रे टाकत असतात, आणि ते सभासद त्या टोळीचेच हस्तक असतात. म्हणजे खोटा अभिप्राय लिहावयास बसवलेला माणूस खोट्या अभिप्रायांवर विश्वास ठेवूनच बुडतो. त्याला लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पाच तारे विकत देण्याघेण्याची गोष्ट आहे, त्यात गैर काही नाही, ही समजूत जर समाजात आधीच रुजलेली नसती, तर पहिलाच संदेश वाचून तो सावध झाला असता, असे मला वाटते.

खोट्या अभिप्रायाने ठकते ते केवळ गिऱ्हाईक, हा समजही अपुरा आहे. अर्थशास्त्राचे पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, त्याचा आशय असा की घेणाऱ्याला जेथे बऱ्यावाइटाची पारख करता येत नाही तेथे तो सरासरी किंमतच मोजतो, त्या किमतीत चांगला माल परवडत नाही म्हणून चांगला विक्रेता बाजार सोडतो, आणि हळूहळू बाजारात टाकाऊ माल तेवढा उरतो. त्याच निबंधात, तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे नि आकाराचे खडे निवडीत बसणाऱ्या भारतीय गृहिणीचा उल्लेख आहे. खडा निदान बोटांना लागतो, दातांखाली येतो. चाळीस शहरांतून चाळीस नावांनी लिहिलेला स्तुतिपर मजकूर कोणत्या सुपात पाखडावयाचा?

प्रामाणिक विक्रेत्यापुढे मग दोनच वाटा राहतात. एक तर त्यानेही ती कार्डे छापून घ्यावयाची, किंवा आपल्या खरेपणाचा पुरावा पदरमोड करून स्वतः उभा करावयाचा. देवगडच्या आंबा बागायतदारांनी दुसरी वाट धरली. कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून खपवला जातो ही त्यांची तक्रार जुनी. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तरी ती मिटली नाही, आणि अखेर त्यांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामापासून एकेका फळावर सांकेतिक क्रमांकाचा शिक्का चिकटवावयास सुरुवात केली, जेणेकरून गिऱ्हाइकाने तो मोबाइलवर ताडून पाहावा. उपक्रम स्तुत्य आहे यात शंका नाही. पण खोटा माल विकणारा बिनखर्चात पाच तारे मिरवतो आणि खरा माल पिकवणारा फळागणिक शिक्क्याचा खर्च सोसतो, हा उलटा न्याय झाला.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याच्या आधारे 2020 च्या जुलैत ई-कॉमर्सचे नियम निघाले, आणि विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन आपल्या मालावर अभिप्राय लिहू नये असे त्यांत स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक दाखवणे, तक्रारीची पोच 48 तासांत देणे व महिन्याच्या आत तिचे निवारण करणे हेही पेठेवर बंधनकारक आहे. पण त्याच नियमांत एक मखलाशी आहे. जे विक्रेते पुनःपुन्हा बेकायदा माल मांडताना सापडतात त्यांची नोंद पेठेने ठेवावी असे सांगून लगेच पुढे परंतुक जोडले आहे, की अशा विक्रेत्याला पेठेबाहेर काढण्याची सक्ती मात्र पेठेवर नाही; तिने स्वेच्छेने काढले तर काढावे. कोतवालाने चोरांची वही ठेवावी, पण त्यांना वेशीबाहेर घालवणे त्याच्या मर्जीवर असावे, यापरती उदारता कोणती? अभिप्रायांपुरते बोलावयाचे तर भारतीय मानक ब्यूरोने 2022 च्या नोव्हेंबरात आयएस 19000:2022 हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय लिहिणारा कोण याची पडताळणी करावी, विकत घेतलेला किंवा त्यासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहवलेला मजकूर प्रसिद्ध करू नये, प्रतिकूल मजकूर दडपू नये, अशी त्यातली कलमे कोणालाही मान्य व्हावीत अशी आहेत, आणि ते ऐच्छिक आहे.

पेठेला हात लावता येत नाही ही समजूत खरी नाही, हे दोन प्रकरणांनी दाखवून दिले. पहिले प्रेशर कुकरचे. आयएसआय चिन्ह नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये ॲमेझॉनला 1 लाख रुपये दंड केला, विकलेल्या 2,265 कुकरांच्या ग्राहकांना कळवून ते परत घेण्यास व पैसे देण्यास फर्मावले, आणि जी कंपनी दर विक्रीमागे कमाई करते तिला त्या विक्रीतून उद्भवणाऱ्या जबाबदारीपासून अंग चोरता येणार नाही, असे कारण दिले. या विक्रीतून तिला मिळालेले शुल्क 6,14,825 रुपये होते. फ्लिपकार्टवरही तसाच आदेश झाला, आणि दोन्ही प्रकरणे पुढे उच्च न्यायालयात गेली. दुसरे प्रकरण सीटबेल्टच्या क्लिपांचे. 2022 च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात, मागच्या आसनावर सीटबेल्टविना बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मृत्यू पावले. सीटबेल्ट न लावता त्याचा भोंगा तेवढा बंद करणाऱ्या क्लिपा मात्र या पेठांत सर्रास मिळत होत्या, कधी बाटली उघडण्याचे साधन किंवा सिगारेटचा लायटर असे सोंग घेऊन. 2023 च्या मे महिन्यात प्राधिकरणाने पाच कंपन्यांना आदेश काढला तेव्हा अशा 13,118 मांडण्या हटवल्या गेल्या. हटवता येत होत्या, म्हणून हटल्या.

यावर कंपन्यांची कैफियत अशी असते की खोटे अभिप्राय आम्ही स्वतः यंत्राद्वारे शोधून लक्षावधींच्या संख्येने काढून टाकतो, आणि याहून अधिक बोजा टाकाल तर लहान विक्रेता व स्वस्त माल दोन्ही नाहीसे होतील. पहिला भाग खरा मानावयास हरकत नाही. पण किती गाळले हे गाळणाऱ्यानेच सांगावे आणि किती उरले हे कोणीच तपासू नये, याला हिशेब म्हणत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे, आणि त्याला मी आणखी एक जोडीन: कडक नियमांचा धाक दाखवून विक्रेते खऱ्या वाईट अभिप्रायांनाही नोटिसा पाठवू लागतील, आणि पन्नास रुपयांच्या गाळणीविषयी खरे लिहिणाऱ्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाला वकील शोधावा लागेल. म्हणून लिहिणाऱ्याची ओळख पेठेने पडताळावी, पण ती विक्रेत्यास देऊ नये, आणि दंड पडावा तो अभिप्राय विकत घेणाऱ्यावर व तो मांडून ठेवणाऱ्यावर. ब्रिटनने 2024 च्या कायद्याने, 2025 च्या एप्रिलपासून, खोट्या अभिप्रायांवर बंदी घालताना असे अभिप्राय रोखण्याचे कर्तव्य ते प्रसिद्ध करणाऱ्यावरही टाकले आहे, आणि तिकडच्या पेठा ओस पडल्याची वार्ता नाही.

आपल्याकडेही हा विचार सरकारला सुचला नव्हता असे नाही. 2021 च्या जूनमध्ये निघालेल्या सुधारणांच्या मसुद्यात, विक्रेत्याने हलगर्जीपणाने माल दिला नाही आणि गिऱ्हाइकाचे नुकसान झाले तर ते पेठेने भरून द्यावे, अशी जामिनकीची तरतूद होती. त्यावर बराच गदारोळ झाला आणि मसुदा मसुदाच राहिला. ही तरतूद बासनातून काढून, तिच्या कक्षेत खोटा माल व खोटा अभिप्राय दोन्ही आणून, तिला नियमाचे रूप द्यावे, आणि आयएस 19000 सक्तीचे करावे. हाशिलाचा हक्क ज्याला मान्य, त्याने जामीन राहावयासही मान्यता द्यावी. दोहोंपैकी एक सोडावयाचे असेल तर हाशीलही सोडावे.

तोवर ज्याची फसगत झाली असेल त्याने गप्प बसू नये. पैसे टास्कच्या जाळ्यात गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे, कारण पहिल्या काही तासांतच ती रक्कम गोठवता येण्याची आशा असते; माल किंवा अभिप्राय खोटा निघाला असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि तिच्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचे कार्यालय कोठे का असेना, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, ती ऑनलाइन करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. पावती, पानाचा स्क्रीनशॉट आणि खोक्यातून निघालेले ते कार्ड जपून ठेवा. आणि अर्जात विरुद्ध पक्ष म्हणून विक्रेत्याचे नाव लिहाल तेव्हा त्याच्या खाली, दुसऱ्या क्रमांकावर, पेठेचेही नाव लिहा.